अप्पा पूजेत आहेत

"हात रिकामा होता, सर," रूपाली मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या हातातला कागदी कप चेपला जाऊन थोडा चहा पँटवर सांडला. कुणाचं लक्ष गेलं नाही. माझ्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, ते एक बरं असतं. उमाशंकर, माझा मुलगा, दोन्ही हात टेबलावर टाकून खुर्चीच्या कडेला बसला होता. लातूरच्या गंजगोलाईत त्याचं भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर पितळ आणि स्टीलच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे माझ्या नातीच्या, अक्षराच्या क्लासमधल्या त्या काचेच्या खोलीतही तो गिऱ्हाइकाशी बोलावं तसाच बोलत होता. "अहो मॅडम, लिंगपूजा करत असंल ती. आमच्या लिंगायतांत असती. हे आमचे अप्पा बघा की, रोज एक तास. शेजारी छत कोसळलं तरी हलणार न्हाईत." मॅडम माझ्याकडे बघून आदराने हसल्या. "मला माहितीये सर. माझी आजी करायची. मी तुमच्या नांदेडचीच आहे. आम्हालाही आधी तसंच वाटलं, म्हणून आठ दिवस कुणी तिला काही विचारलं नाही. मग अभ्यासिकेतल्या मावशींनी जवळून पाहिलं. हातात इष्टलिंग नव्हतं. डावा हात डोळ्यांसमोर धरून ती रिकाम्या तळहाताकडे बघत बसते. वीस-पंचवीस मिनिटं. रोज." मग त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. सगळ्या मुलांची स्वभावाची चाचणी घेतली होती, त्यात अक्षराच्या नावापुढे 'अंतर्मुख' आणि त्यापुढे सत्त्याऐंशी टक्के असं लिहिलं होतं. "सत्त्याऐंशी!" उमाशंकर म्हणाला. "फिजिक्समध्ये पडले असते तर पेढे वाटले असते." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, हा काही रोग नाही, पण मुलगी कुणाशी बोलत नाही, माइकवर एक मिनिट बोलायला उभी केली तर साठ सेकंद गप्प उभी राहिली, उद्या डॉक्टर झाली तर पेशंटशी कोण बोलणार? त्यांचं म्हणणं होतं की तिला घरून ये-जा करू देऊ नका, क्लासच्या हॉस्टेलला ठेवा. एका खोलीत आठ मुली. एकटं बसायला जागाच नसली की आपोआप मोकळी होते. फॉर्म सोमवारपर्यंत भरून द्यायचा होता. "भरतो की," उमाशंकर म्हणाला. जाताना त्याने मला विचारलं, "अप्पा, तुमचं काय म्हणणं?" मी म्हणालो, "बघू." आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा मी कोणता शब्द उच्चारला असेल तर तो हाच असेल.

स्कूटरवर त्याच्या मागे बसून घरी येताना मी काही बोललो नाही आणि त्यालाही त्यात नवीन काही वाटलं नाही. मला मात्र त्या काचेच्या खोलीत कुणी तरी माझाच चोरीचा माल टेबलावर मांडून दाखवल्यासारखं झालं होतं. आमच्या घरात, गल्लीत, नात्यात मला जो काही मान आहे तो माझ्या पूजेमुळे आहे. लातूरला मुलाकडे येण्याआधी नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी बत्तीस वर्षं काढली. तिथे पुस्तकं आतल्या कपाटांत असायची, मुलं खिडकीतून चिठ्ठी द्यायची, मी पुस्तक काढून द्यायचो. चेहऱ्यापेक्षा मला अक्षरं ओळखू यायची. त्या नोकरीत कुणी मोठं होत नाही. पण 'पंचाक्षरी अप्पांची पूजा' असं लोक अजून म्हणतात. कुणाच्या घरी वास्तुशांत असली की नव्या सुनेला माझ्या पाया पडायला लावतात. आणि खरी गोष्ट अशी आहे की माझी पूजा सात मिनिटांत संपते. गळ्यातल्या करडगीतून, म्हणजे चांदीच्या डबीतून, इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म, गंध, बेलाचं पान, मग हात नजरेसमोर उचलून एकटक बघत जप. माझा जप सातव्या मिनिटाला संपतो. त्यापुढची त्रेपन्न मिनिटं मी नुसता बसलेला असतो. हात मात्र खाली घेत नाही, कारण हात वर असेपर्यंत आमच्या घरात त्या माणसाशी कुणी बोलत नाही. लहान पोरसुद्धा बोलत नाही.

हे ठरवून झालं नव्हतं. लग्न झालं तेव्हा नांदेडला दोन खोल्या होत्या आणि त्यात माणसं वाहती. रुद्राणी, माझी बायको, उदगीरची. तिच्या माहेरचं कुणी ना कुणी दवाखान्याला, कोर्टाला, परीक्षेला आलेलं असायचं. तिला माणसं लागायची. ती उंबऱ्यात उभी राहून तासभर बोलायची आणि ताजी होऊन आत यायची, मी त्याच तासात गळून जायचो. त्यात राग नव्हता. तिच्या माणसांवर माझा जीव होता, पण तो जीव त्यांच्यासमोर मला कधी दाखवता आला नाही. कुणी विचारलं, "काय जावईबापू, बरंय ना?" तर 'बरंय' याच्या पुढचं वाक्य मला तिसऱ्या दिवशी सुचायचं. एके सकाळी पूजा संपली तरी हात खाली घ्यावासा वाटला नाही. बाहेर कुणी तरी माझी चौकशी केली आणि रुद्राणी म्हणाली, "हे पूजेत आहेत." ती हळू आवाजात, अभिमानाने म्हणाली. त्या दिवशी मी पंधरा मिनिटं बसलो. महिन्याने अर्धा तास झाला. मुलं झाल्यावर एक तास. मुलंही तेच म्हणायला शिकली: अप्पा पूजेत आहेत. मी कधी खोटं बोललो नाही. फक्त हात खाली घेतला नाही.

त्या वेळात मी काय करत होतो, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं का, शंका आहे. आदल्या दिवशीची बोलणी मी परत काढायचो. प्राचार्य काय म्हणाले, मेहुणा कशावर हसला, रुद्राणीने पोळी वाढताना हात का थांबवला. प्रत्येकाला मी तिथे सावकाश उत्तर द्यायचो, पुष्कळदा चांगलं उत्तर. कुणाचं काय दुखत होतं ते मला तिथेच कळायचं. एकदा असंच बसल्या बसल्या लक्षात आलं की चिठ्ठीवर रोज नवं पुस्तक मागणारा आनंदराज नावाचा मुलगा पुस्तकांसाठी येत नाही, त्याला बसायला जागा नाही. मी त्याला आतल्या टेबलाची किल्ली दिली. तो आज प्राध्यापक आहे, दिवाळीला फोन करतो, आणि फोनवर मी 'बरंय' म्हणतो. इतर माणसं बोलता बोलता विचार करतात असं मला वाटतं. मला आधी सगळं शांत करून घ्यावं लागतं. पण हे मी माझ्या बाजूने सांगतोय. दुसऱ्या बाजूने बघितलं तर एक माणूस देवाच्या नावाखाली बायकापोरांपासून रोज तासभर लपत होता. दोन्ही खरं असेल. कुठलं जास्त खरं ते मला सत्तरी उलटली तरी ठरवता आलेलं नाही.

रुद्राणी गेली त्या दिवशी तर हद्द झाली. आठ वर्षं झाली. घरात पन्नास-साठ माणसं होती, प्रत्येक जण माझा खांदा धरून काही तरी म्हणत होता आणि मी प्रत्येकाला मान हलवून दाखवत होतो. माती देऊन आल्यावर मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलो आणि डावा हात उचलला. करडगी उघडायचंही सुचलं नाही. लिंग छातीवरच होतं, हात रिकामा होता, आणि त्या हाताकडे बघत मी संध्याकाळपर्यंत बसलो. बाहेर लोक हळू आवाजात म्हणत होते, केवढी निष्ठा, अशा दिवशीही. दुसऱ्याच्या इष्टलिंगाकडे निरखून बघायची आपल्यात रीत नाही, म्हणून कुणी पाहिलं नाही. खोलीच्या कोपऱ्यात अंथरुणांच्या ढिगावर नऊ वर्षांची अक्षरा बसली होती. ती झोपली आहे असं मी समजून चाललो होतो.

रविवारी दुपारी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी वर गेलो. पायऱ्या चढताना मी तीन वाक्यं तयार केली होती, वर पोचेपर्यंत त्यातलं एकही राहिलं नाही. मी दोरीवरच्या चादरीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ती घडी घातली. मग तीच म्हणाली, "अज्जा, मॅडमनी सांगितलं ना तुम्हाला?" मी मान हलवली. "तुम्ही रागवलाय?" "नाही." ती उशीचे अभ्रे एकावर एक ठेवत होती. "तुम्ही पण करता," ती म्हणाली. "आज्जी गेली तेव्हा मी बघितलं होतं." मी विचारलं, "कुणाला सांगितलं नाहीस?" "कशाला सांगायचं? तुम्हाला पाहिजे होतं ना ते." ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. थोड्या वेळाने मी विचारलं, "त्या वेळात काय करतीस तू?" तिने विचार केला. तिला विचार करायला वेळ लागतो आणि ती तो घेते, हे मला तिच्यात फार आवडतं. "काहीच नाही. टँकरचं पाणी हंड्यात ठेवलं की गाळ खाली बसतो ना, तसं बसते. क्लासमध्ये तीनशे पोरं आहेत अज्जा, दिवसभर आवाज. नुसतं डोळे मिटून बसलं की पोरी येतात, काय झालं गं, रडून राहिलीस का, डोकं दुखतंय का. हात वर केला की कुणी येत नाही." "आणि हॉस्टेल?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथे मी नापास होईन." आणि कपड्यांचा ढीग छातीशी धरून खाली गेली. पप्पांना सांगा असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी कदाचित काही तरी कारण काढलं असतं.

त्या रात्री मी नीट झोपलो, ते सांगायला संकोच वाटतो. सकाळी मात्र पूजेला बसल्यावर विचार सुरू झाले, कारण ते तिथेच सुरू होतात. त्या मॅडमचं चुकतंय असं मला खात्रीने म्हणता येईना. आठ जणांच्या खोलीत टाकलं असतं तर मीही कदाचित मोकळा झालो असतो. झालो असतो तर रुद्राणीला तासभर चहा परत परत गरम करावा लागला नसता. मी जे पोरीच्या बाजूने म्हणणार होतो ते खरं तर मी माझ्याच बाजूने म्हणणार नव्हतो कशावरून? आणि मग नेहमीप्रमाणे मला ते पाय दिसले. उमाशंकर बारावीत होता. गणितात नापास झाला होता, निकाल आदल्या संध्याकाळी लागला होता आणि मला रुद्राणीकडून कळला होता. सकाळी मी पूजेला बसलो. दाराला अर्धा पडदा होता. पडद्याच्या खाली त्याचे दोन पाय आले आणि उंबऱ्याशी थांबले. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, क्रिकेट खेळताना चेंडू लागला होता. मग तो खाली बसला, मांडी घातली, आणि वाट बघत राहिला. माझा जप केव्हाच संपला होता. त्याला काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. चांगलं उत्तर सुचलं की हात खाली घेईन, असं मी ठरवलं. पाऊण तासाने ते पाय उठून गेले. त्याच आठवड्यात तो लातूरला मामाच्या दुकानात आला आणि परत शिकला नाही. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. रुद्राणीलाही नाही.

बाहेर उमाशंकर माझ्या सुनेला विचारत होता, "वर्षा, पेन कुठंय? दुकानाला जाता जाता फॉर्म देऊन जातो." मी हात खाली घेतला, लिंग करडगीत ठेवलं आणि बाहेर आलो. वर्षाराणी पोह्यांची ताटली घेऊन उभी होती. अक्षरा दप्तर लावून दाराशी होती. मी म्हणालो, "उमा, सही करू नको." तो म्हणाला, "का? तुम्हीच म्हणला ना, बघू. बघितलं की." मी म्हणालो, "ती जे करती ते माझं बघून करती. माझी पूजा सात मिनिटांत होती. बाकीचा तास मी नुसता बसतो. बोलावं लागू नये म्हणून." वर्षाराणी ताटली धरून तशीच उभी राहिली. उमाशंकर हसला. "अप्पा, तुम्ही पण ना. पोरीसाठी काय बी सांगायलाव." "खरं सांगतोय." "म्हणजे चाळीस वर्षं?" "चव्वेचाळीस." तो अजून हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "मग आई सगळ्यांना गप्प करायची ते? पाहुणे दारात उभे राहायचे ते? मी गल्लीत सांगत फिरतो, आमच्या अप्पांसारखा माणूस न्हाई, ते?" इथे थांबता आलं असतं. पण आता थांबलो तर मी जे सांगत होतो ते अर्धवट राहिलं असतं, आणि पोरीसाठी अर्धवट सांगून भागणार नव्हतं, कारण तिला माझी चांगली बाजू मिळाली तर वाईटही मिळालेली असणार. मी म्हणालो, "तुझा बारावीचा निकाल लागला, तू दाराशी येऊन बसला होतास. मला तुझे पाय दिसत होते."

भांड्यांच्या आवाजाशिवाय मी त्याला फार कमी वेळा बघितलं आहे. एवढा मोठा, केस पिकायला लागलेला माणूस, हातात फॉर्म घेऊन खाली बघत होता. "मला वाटलं तुम्हाला माहितीच न्हाई मी आलो होतो," तो म्हणाला. "वीस-बावीस वर्षं मी मनाला तेच सांगायलोय. अप्पा पूजेत होते, त्यांना काय माहीत." मी म्हणालो, "काय बोलावं ते मला सुचत नव्हतं." "बोलायचं कशाला होतं, अप्पा?" तो म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "बाहेर यायचं."

मला वाटलं तो आता सही करेल. त्याच्या जागी मी असतो तर केली असती. ज्या घरात असा बाप आहे त्या घरात मुलगी का ठेवायची? त्याने पेन टेबलावर ठेवलं आणि अक्षराकडे वळून म्हणाला, "तू सांग. तुला काय पाहिजे?" ती दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. अर्धं मिनिट गेलं असेल. नेहमी एवढ्या वेळात तो तिच्या वतीने उत्तर देऊन मोकळा होतो. वर्षाराणीने तोंड उघडलं तशी त्याने हाताने थांब म्हणून खूण केली. मग अक्षरा म्हणाली, "घरी रोज अर्धा तास. दार लावून. पूजा म्हणून नको. नुसताच."

"आणि बोलण्याचं काय? पेशंटला चिठ्ठी लिहून देणार का?"

"विचारलं तर सांगते की मी. तुम्ही थांबत नाही, पप्पा."

तो एकदम हसला. हे हसू खरं होतं, त्याला दुकानात हसताना मी असं ऐकलं आहे. "हाव, न्हाई थांबत. गिऱ्हाइकाला पण थांबत न्हाई, विचार आईला." मग परत गंभीर होऊन म्हणाला, "बरं. अर्धा तास. कुणी बोलणार न्हाई. पण एक ऐक. दाराशी कुणी येऊन बसलं, तर उघडायचं. अर्धा तास झाला असो की नसो." ती हो म्हणाली. त्याने फॉर्म घडी घालून खिशात टाकला, पोहे न खाताच चप्पल घातली आणि गेला. माझ्याकडे बघितलं नाही. वर्षाराणीने ताटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "खा अप्पा, गार व्हायलेत." रोजच्यासारखीच म्हणाली, पण माझ्यासमोर नेहमी डोक्यावर ओढते तो पदर आज ओढायचा राहिला.

दिवसभर तो दुकानात होता. रात्री जेवताना पाण्याचं, लाइटचं बोलणं झालं. मी माझ्या अंथरुणावर पडून स्वतःला विचारलं की पोरीसाठी बोललो की एकदाचं ओझं टाकायला बोललो. उत्तर आलं नाही. काही उत्तरं तिसऱ्या दिवशीही येत नाहीत, असं दिसतं.

मंगळवारी सकाळी मी पूजेला बसलो. जप संपला. मी लिंग करडगीत ठेवून बाहेर आलो. उमाशंकर एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होता. मला बघून तो दचकला. "काय झालं? बरं वाटत न्हाई का?" "झाली पूजा," मी म्हणालो. "एवढ्यात?" "एवढीच असती." तो माझ्याकडे बघत राहिला. मी भिंतीजवळच्या खुर्चीत बसलो. हात कुठे ठेवावे कळेना, म्हणून गुडघ्यांवर ठेवले. अक्षराच्या अर्ध्या तासासाठी आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि वर्षाराणी स्वयंपाकघरात भांडी हळू ठेवत होती. उमाशंकरने घातलेली चप्पल पायातून काढली आणि समोरच्या खुर्चीत येऊन बसला. "मग?" तो म्हणाला. मला काहीही सुचत नव्हतं. मी तसाच बसून राहिलो, आणि तोही उठला नाही.